चार रिकामी भोकं: जुन्या गाडीची हरवलेली पाटी परत लावायची तर

मे महिन्यातली दुपार होती. माझ्या आतेभावाने, म्हणजे दादाने, वर्षभरापूर्वी घेतलेली 1967 सालची फियाट 1100 नागपुरातल्या एका गॅरेजात, टिनाच्या शेडखाली उभी होती. रंगकामाआधीची खरवड चालू होती. बोनेट वर करून आम्ही तिघं आत डोकावत होतो: दादा, मी आणि मिस्त्री. इंजिनाच्या मागच्या उभ्या पत्र्यावर चार भोकं दिसत होती, आणि त्यांच्यामध्ये तळहाताएवढा फिकट हिरवा चौकोन. बाकीची अख्खी गाडी पांढरी.

"कंपनीची प्लेट होती इथं," मिस्त्री म्हणाला.

"मग गेली कुठं?"

"आता गाडीलेच विचारा," तो हसला. "पण टेन्शन काहून घेता जी? बर्डीच्या बाजारातून बनवून आणतो. पितळेची पाहिजे की ॲल्युमिनियमची तेवढं सांगा. नंबर तं आरसीवर आहेच."

दादा हो म्हणणारच होता. मी म्हटलं, थांब. मिस्त्रीच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याच्या दृष्टीने ते चार भोकं बुजवण्याचं काम होतं. पण आरसीवरचा नंबर पाटीवर कोरायचा आणि पाटी गाडीवर ठोकायची, हा क्रमच उलटा आहे. अशाने गाडी कागदाशी जुळत नाही, जुळवली जाते. चोरीच्या गाड्या नेमक्या याच क्रमाने 'साफ' होतात, आणि तपासणाऱ्याला तुमच्यातला आणि चोरातला फरक बाहेरून कळायला काही मार्ग नसतो.

आधी एक घोळ मिटवू. प्लेट म्हटलं की बंपरवरची नंबर प्लेट डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावण्याचं बंधन आल्यापासून तर जास्तच. ती हरवली तर तिची रीत वेगळी. आपण बोलतोय ती बोनेटखाली, दाराच्या चौकटीत किंवा डॅशबोर्डवर कारखान्याने रिव्हेटने ठोकलेली छोटी धातूची पाटी. तिच्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, चेसिस नंबर, कधी इंजिनाचा प्रकार, कधी गाडीचं वजन असतं. गॅरेजात तिला 'चेसिस प्लेट' किंवा 'कंपनीची प्लेट' म्हणतात.

ही पाटी घराच्या दारावरच्या नावाच्या पाटीसारखी समजा. दारावरची पाटी पडली म्हणून घर परक्याचं होत नाही, आणि कोणी रात्रीतून दुसऱ्याच्या दारावर आपल्या नावाची पाटी लावली म्हणून घर त्याचंही होत नाही. घर कोणाचं ते आखीव पत्रिका सांगते. गाडीच्या बाबतीत आखीव पत्रिकेच्या जागी दोन गोष्टी असतात: धातूत ठोकलेला नंबर, आणि सरकारदरबारची नोंद. या दोन जुळल्या तर पाटी नंतर लावता येते. त्या जुळत नसतील तर सोन्याची पाटी लावा, उपयोग नाही.

नंबर असतो कुठे

लोक 'चेसिस नंबर' म्हणतात, पण फियाट 1100 किंवा ॲम्बेसेडरसारख्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसतेच. बॉडी आणि सांगाडा एकच. त्यामुळे नंबर ठोकलेला असतो तो बॉडीच्याच पत्र्यावर, बहुधा इंजिनाच्या मागच्या भिंतीवर. आणि पत्रा गंजतो. पन्नास-साठ पावसाळे काढलेल्या गाडीचा तो भाग डेंटरने एकदा कापून नवा जोडला की नंबर कापलेल्या तुकड्याबरोबर भंगारात जातो. पाटी हरवण्यापेक्षा हे दुखणं फार मोठं आहे, आणि कापणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

खरी चेसिस असलेल्या गाड्यांत नंबर लोखंडी पट्टीवर असतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये तो मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यासारख्या उंचवट्यावर सापडतो, आणि पाटी असते पुढच्या झाकणाखाली.

सगळ्यात मजेशीर उदाहरण दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं. तीच जीप विलीज आणि फोर्ड अशा दोन कंपन्यांनी बनवली. दिसायला जुळ्या बहिणी. पण फोर्डने आपला नंबर डाव्या चेसिस पट्टीच्या वरच्या अंगाला थेट लोखंडात ठोकला. विलीजने तो एका छोट्या पाटीवर घातला आणि ती पाटी डाव्या पट्टीला पुढच्या बाजूने आतून रिव्हेट केली. म्हणजे फोर्डची पाटी गेली तर हरकत नाही, नंबर लोखंडात शाबूत आहे. विलीजची ती पाटी गेली की चेसिसवरची ओळखच गेली. त्यात फोर्डने मुळात इंजिन आणि चेसिसला एकच नंबर दिला होता, विलीजने वेगवेगळे. म्हणून विलीजच्या इंजिनावरचा नंबर वाचून 'हाच चेसिसचा' असं म्हणता येत नाही. लष्करी लिलावातून निघून पुढे शेतावर आणि जंगलात राबलेल्या जीपची अशी पाटी गेली असेल, तर तिचा मालक आमच्या दादापेक्षा किती तरी अवघड जागी असतो.

आज सगळ्यांना माहीत असलेला सतरा आकडी-अक्षरी नंबर जुन्या गाड्यांत शोधू नका. अमेरिकेने तो 1981 च्या मॉडेलांपासून सक्तीचा केला, आपल्याकडे तो त्याहून उशिरा रुळला. त्यात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दाम वगळलेली आहेत, म्हणजे एक आणि शून्याशी गल्लत नको. जुन्या नंबरांना असला काही नियम नव्हता. चार-सहा आकडे, पुढे एखादं अक्षर, दोन्ही टोकांना एखादा तारा किंवा ठिपका. तो तारा शोभेचा नाही हं. पुढे-मागे कोणी आकडा वाढवू नये म्हणून ते कुंपण आहे.

जुन्या इटालियन फियाटच्या पाटीवर आणखी एक सापळा असतो: सुट्या भागांसाठीचा वेगळा क्रमांक. चेसिस नंबराच्या शेजारीच. घाईत पाहणारा तोच उतरवून घेतो आणि पुढची वीस वर्षं आरसीवर भलताच नंबर नांदतो.

आधी वाचा, मग बोला

आमच्या फियाटचा नंबर पत्र्यावर दिसत नव्हता. दिसत होते रंगाचे तीन थर आणि पुट्टी. इथे मिस्त्रीने ग्राइंडर उचलला आणि मी दुसऱ्यांदा 'थांब' म्हटलं. नंबराच्या जागी ग्राइंडर, तारेचं चाक किंवा वाळूचा मारा कधीही नको. ठोकलेल्या आकड्याची खोली एखाद्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते, आणि घासलेला नंबर कोणालाही 'मिटवलेला' नंबरच वाटतो.

आम्ही रंग काढायचं रसायन ब्रशने लावलं, दहा मिनिटं थांबलो, प्लास्टिकच्या पट्टीने फुगलेला रंग ओढला. हे तीनदा केलं. मग घासलेट आणि जुना टूथब्रश. तरी नुसत्या डोळ्यांना काही कळेना. शेवटी दादाने शेडचं दार ओढून अंधार केला आणि मोबाइलचा टॉर्च पत्र्याला अगदी चिकटवून, आडवा धरला. तिरप्या उजेडात खड्ड्यांना सावल्या पडल्या आणि आकडे एकेक करून वर आले. मिस्त्री म्हणाला, "अबे, हे तं इथंच झोपून होतं!" खडूची पूड बोटाने चोळली तेव्हा ते पांढरे झाले. फोटो काढले, मग वर पारदर्शक टेप चिकटवून पेन्सिलीने घासून ठसा घेतला. आरटीओत मागतात तो 'चेसिस प्रिंट' हाच.

हे करताना नंबराच्या भोवतीचा पत्राही पाहायचा. त्याच्या चारी बाजूंनी वेल्डिंगची चौकट असेल तर सावध व्हा. दुसऱ्या गाडीचा नंबराचा तुकडा कापून इथे बसवलेला असू शकतो. आकड्यांची उंची किंवा रेषा एकदम बदलत असेल, एखादाच आकडा जास्त खोल असेल, तरी शंका घ्या. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी हे करावं असं माझं मत आहे. इंजिन दुरुस्त होतं.

आणि तो हिरवा चौकोन? तो आमच्या बाजूचा साक्षीदार निघाला. पाटीखालचा रंग म्हणजे गाडीचा मूळ रंग, आणि पांढऱ्या रंगाची कड त्या चौकोनाभोवती जाड धारेसारखी थांबलेली. म्हणजे गाडी पांढरी केली तेव्हा पाटी जागेवर होती, नंतर कधीतरी निघाली. जुन्या आरसी बुकात मूळ रंग हिरवाच लिहिलेला होता.

कागद कुठल्या राज्याचे?

आता दुसरी बाजू, म्हणजे नोंद. नागपूरच्या जुन्या गाड्यांचं यात एक खास त्रांगडं आहे. हे शहर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं, मग मध्य प्रदेशाची, 1956 मध्ये मुंबई राज्यात आलं आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. शहर जागेवरच राहिलं, राज्य तेवढं बदलत गेलं. त्यामुळे 1950 च्या आधीची एखादी गाडी जन्मभर धंतोलीतून हलली नसेल, तरी तिचे कागद वेगवेगळ्या राजवटींचे शिक्के घेऊन बसलेले असतात. आजच्या एमएच-31, एमएच-40 आणि एमएच-49 या खुणा 1989 नंतरच्या पद्धतीतल्या. त्याआधीचं सगळं हाताने लिहिलेल्या रजिस्टरांत.

हाताने लिहिलेलं रजिस्टर, त्यावरून आरसी बुक, बुकावरून संगणक, संगणकावरून स्मार्ट कार्ड. दर पायरीला एक माणूस बघून लिहितो, आणि दर पायरीला एकाचा सात होऊ शकतो किंवा पुढचं अक्षर गळू शकतं. आमच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. पत्र्यावर सात, जुन्या बुकात सात, स्मार्ट कार्डावर एक. मिस्त्रीचं ऐकून कार्डावरचा नंबर पाटीवर कोरला असता, तर एका कारकुनी चुकीला आम्ही पितळेत अमर केलं असतं, आणि पाटी आणि पत्रा कायमचे एकमेकांविरुद्ध साक्ष देत राहिले असते.

कागद तोकडे असतील तर कारखान्याच्या नोंदी कामाला येतात. परदेशी गाड्यांसाठी ही सोय चांगली आहे. मॉरिस, ऑस्टिन, एमजी यांसारख्या गाड्यांच्या उत्पादन नोंदी इंग्लंडमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे आहेत आणि त्यांवरून ते दाखला देतात. कोणत्या नंबराची गाडी कधी तयार झाली, कोणत्या रंगाची होती, इंजिन नंबर काय होता, असा तपशील त्यात मिळू शकतो. आपल्याकडच्या फियाटवाल्या प्रीमियर आणि ॲम्बेसेडरवाल्या हिंदुस्तान मोटर्सच्या गाड्यांसाठी मात्र जुनं आरसी बुक, कर भरल्याच्या पावत्या, जुन्या विमा पॉलिसी, मागच्या मालकाच्या कपाटातला एखादा फोटो, यांवरच भिस्त. म्हणून गाडी घेताना कागदांची पिशवी पूर्ण मागून घ्या, तेलाचे डाग पडलेल्या चिठोऱ्यांसकट.

मग पाटी लावायची की नाही?

धातूतला नंबर वाचता येतो आणि तो नोंदीशी जुळतो, अशी स्थिती असेल तर हरवलेली पाटी हा बहुतांशी दिसण्याचा प्रश्न उरतो. तरीही नुसती ठोकून मोकळं होऊ नये. प्रादेशिक परिवहन कार्यालयाला अर्ज द्यावा: पाटी नाही, ठोकलेला नंबर अमुक आहे, सोबत फोटो आणि ठसा, प्रतिकृती लावायची आहे. मोटार वाहन निरीक्षकाला गाडी दाखवावी आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. नंबरात आमच्यासारखा फरक असेल तर आधी नोंद दुरुस्त करायची, पाटीचा विचार नंतर.

नंबरच नसेल, गंजून किंवा कापून गेला असेल, तर स्वतःच्या हाताने पंच, म्हणजे आकडे ठोकायचा पोलादी ठसा, उचलायचा नाही. हे वाक्य मी मिस्त्रीला दोनदा ऐकवलं. नंबर परत ठोकायला लेखी परवानगी लागते. त्याआधी निरीक्षकाची तपासणी होते आणि गाडी चोरीची नाही याची पोलिसांकडून खातरजमा होते. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. परवानगीशिवाय ठोकलेला 'बरोबर' नंबरसुद्धा बनावट ठरू शकतो, आणि तिथून गोष्ट फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाच्या कलमांकडे जायला वेळ लागत नाही.

मिटलेला नंबर मिटूनही पूर्ण मिटत नाही, हे लोकांना सहसा माहीत नसतं. पंच हाणला की आकड्याखालचं लोखंडही दाबलं जातं, त्याची आतली रचना बदलते. वरचा थर घासून काढला तरी खालचा दाबलेला भाग राहतो. त्यावर विशिष्ट आम्लमिश्रण लावलं की दाबलेलं आणि न दाबलेलं लोखंड वेगवेगळ्या तऱ्हेने झिजतं आणि आकडा भुतासारखा वर येतो. नागपुरातल्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी हे तंत्र वापरलं जातं. घरी करून पाहायचा हा खेळ नाही, पण प्रामाणिक मालकासाठी दिलासा आहे: गेलेला नंबर सरकारी वाटेने परत मिळू शकतो.

प्रामाणिक माणूसही कसा अडकतो याचं उदाहरण अमेरिकेतलं. एकाने 1959 ची शेव्हरोले कॉर्व्हेट रीतसर डीलरकडून विकत घेतली आणि कॅन्सस राज्यात नोंदणीला नेली. तपासणीत दिसलं की नंबराची पाटी रंगकामाच्या वेळी काढून परत लावलेली आहे, रिव्हेट मूळचे नाहीत. 2017 मध्ये गाडी जप्त झाली. पाटी त्याच गाडीची असूनही, तिथल्या कायद्यात डागडुजीसाठी पाटी काढण्याला जागाच नव्हती, आणि गाडी नष्ट करण्यापर्यंत वेळ आली. शेवटी 2022 मध्ये राज्याने कायदाच बदलला. चार रिव्हेटांपायी एवढं रामायण. म्हणून रंगाला गाडी देताना पाटी काढूच नका, वर टेप लावून झाकायला सांगा. काढावीच लागली तर आधी फोटो, मग रिव्हेटसकट एका डबीत, आणि डबी तुमच्या घरी. आमची पाटी बहुधा अशाच एखाद्या रंगकामानंतर पितळेच्या भावाने गेली असणार.

पाटी बनवणं हा त्यातला सोपा भाग. त्याच सालच्या दुसऱ्या गाडीच्या पाटीचा फोटो समोरून, मापपट्टी शेजारी ठेवून घ्यायचा. अक्षरं आम्लाने कोरून घ्यायची, संगणकी मशीनने खोदलेली लगेच नवी दिसतात. पाटीवरचे नंबर मात्र हाताच्या पंचाने ठोकायचे, मूळ नंबरही तसेच थोडे वाकडे असत. बसवताना पॉप रिव्हेट नको. मूळ पाट्यांना बहुधा ठोकून बसवायच्या पिळाच्या खिळ्या असत. आणि एक माझा हट्ट: पाटीच्या मागे बनवल्याचं साल ठोकावं, आणि तिला मुद्दाम जुनं करू नये. टायरमधल्या हवेच्या सूचनेची, जॅकची किंवा पेटंट क्रमांकांची पाटी हवी तशी हुबेहूब करा, कोणाचं काही जात नाही. नंबराच्या पाटीने मात्र आपण नवी आहोत हे विचारल्यावर सांगता आलं पाहिजे.

दादाच्या घाईचं कारण वेगळंच होतं. केंद्राने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, पुन्हा नोंदणीला 5,000. नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालत नाही. दादाला वाटत होतं, तपासणीला पाटी नसेल तर गाडी नापास. खरं तर तपासणाऱ्याचं पहिलं काम गाडी मूळची आहे का ते पाहणं, आणि त्यात नवी कोरी पाटी जुन्या इंजिनाशेजारी चमकत असेल तर प्रश्न वाढतात. टॅक्सीच्या जमान्यात डिझेल इंजिन टाकलेल्या फियाटींची आणि जीपांची अडचण तर त्याहून मोठी आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

सध्या स्थिती अशी: नंबर दुरुस्तीचा अर्ज गेलाय, सोबत जुन्या बुकाची प्रत आणि पेन्सिलीचा ठसा. गाडी परत तिच्या मूळ हिरव्या रंगात रंगवून झाली. तो चौकोन मात्र दादाने टेप लावून तसाच राखायला सांगितला. मिस्त्रीने विचारलं, "आता तं सगळीच हिरवी आहे जी, कोणाले दिसणार?" दादाने त्याच्या हातात टॉर्च दिला आणि तिरपा धरायला सांगितला. जुन्या रंगाची कड अजून बोटाला लागते.